मदत हवी आहे : गोठवणाऱ्या थंडीत मुलाच्या हातातले मोजे टिकतच नाहीत

पारा शून्याच्या बराच खाली जातो अशा ठिकाणी लहान मुलं वाढवणाऱ्यांनी कृपया सांगा. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. बर्फात खेळायला सोडला की आत यायचं नाव घेत नाही, आणि थंडी वाजतेय हे स्वतःहून सांगतही नाही. लहानांच्या अंगातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर निघून जाते, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

कपड्यांचं जमलंय. सुती कापड घाम धरून ठेवतं, म्हणून अंगालगत लोकरीचं, त्यावर जाडसर काहीतरी आणि वरून वारा-पाणी अडवणारं जाकीट. मफलर देत नाही, खेळताना कुठे अडकला तर फास बसायचा.

घोडं अडतं ते हातांपाशी. चारही बोटं एकत्र राहतात ते मोजे जास्त उबदार, पण त्यात त्याला बर्फ नीट धरता येत नाही, की लगेच काढून फेकतो! परवा बोटांची टोकं लालबुंद आणि गारठलेली होती. कातडी पांढुरकी, बधिर झाली तर हिमदंश असू शकतो, तेव्हा चोळायचं नाही, कोमट पाण्यात धरायचं आणि डॉक्टरांना गाठायचं, हे माहीत आहे. पण तिथवर वेळच येऊ नये.

मोजे हातात राहावेत म्हणून तुम्ही काय करता? आणि बोचरा वारा असेल तेव्हा किती वेळाने आत बोलावता? नुसतं तापमान बघता, की वाऱ्यामुळे जाणवणारी थंडीही धरता?