मतदानाला टाकता न येणारे हक्क

लोकांनी निवडून दिलेल्या कायदेमंडळाला अडवणारे न्यायाधीश कोण, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण अमेरिकेतला एक अनुभव बघा. राष्ट्रध्वजाला सलामी देणं यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेत बसत नाही, म्हणून त्यांच्या मुलांना शाळेतून काढलं गेलं. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेचीच बाजू घेतली, तीही ८ विरुद्ध १ मतांनी. पुढे या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, त्याच न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो निकाल फिरवला. मूलभूत हक्क मतदानाला टाकता येत नाहीत, निवडणुकीच्या निकालावर ते अवलंबून नसतात, असं न्या. रॉबर्ट जॅक्सन यांनी त्यात लिहिलं. मला हे मनापासून पटतं. ज्या मुलांना मतच नाही, त्यांनी बहुमत आणायचं तरी कुठून?

हक्क कोणते हे ठरवणार कोण, ही अडचण मात्र खरी. १९०५ च्या लॉकनर खटल्यात बेकरी कामगारांसाठी कायद्याने घातलेली आठवड्याला ६० तासांची मर्यादा त्याच न्यायालयाने 'कराराच्या स्वातंत्र्या'च्या, म्हणजे मालक-कामगारांनी कामाच्या अटी आपसात ठरवण्याच्या हक्काच्या, नावाखाली ५ विरुद्ध ४ ने रद्द केली. तिथे मी कायदेमंडळाच्या बाजूने आहे.