मदत हवी आहे: पुण्यात फ्लू पावसाळ्यातच का वाढतो आणि लस कधी घ्यावी?

नमस्कार. माझ्या आईचे वय 72 असून तिला दमा आहे. गेली तीन वर्षे आषाढ-श्रावणात, म्हणजे दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात आणि खिडक्या सतत लावलेल्या असतात नेमक्या त्याच दिवसांत, ती ताप-खोकल्याने अंथरूण धरते.

थंड, कोरड्या हवेत फ्लूचा विषाणू अधिक काळ टिकतो, म्हणून युरोप-अमेरिकेत साथ हिवाळ्यात येते, हे समजते. पण मुख्य लाट श्रीनगरला हिवाळ्यात आणि पुण्यात साधारणपणे जुलै ते सप्टेंबरमध्ये का यावी? (2009 मध्ये स्वाइन फ्लूने शहर हादरले तेही ऑगस्टमध्येच, तोंडाला रुमाल बांधलेले दुचाकीस्वार अजून डोळ्यांसमोर आहेत.) दमट हवाही विषाणूला मानवते, की काचा लावलेल्या पीएमपी बसमध्ये आणि जूनमध्ये भरलेल्या वर्गांत माणसे कोंडली जातात, हे खरे कारण? मला दुसरे अधिक पटते, पण खात्री नाही.

जागतिक आरोग्य संघटना लसीतील विषाणूप्रकार उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये सुचवते. आईला गेल्या वर्षी लस मिळाली ती ऑक्टोबरमध्ये, म्हणजे लाट ओसरल्यावर, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिचा प्रभाव बराच कमी झालेला असणार. तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण गोलार्धाची लस मागावी का, आणि ती पुण्यात त्या वेळी सहज मिळते का, हे येथील डॉक्टरांनी किंवा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.