‘मराठी मंडळी, बी विंग’ ग्रुपवर: ३६ वरून ७२

५०२ ताई: मंडळी, कोणाचं फिजिक्स अजून जिवंत आहे का? कन्येचा उद्या नववीचा पेपर. गणित असं आहे: १,००० किलोची कार ताशी ३६ किमी वेगाने चाललीय, ती ७२ वर न्यायला किती कार्य करावं लागेल? पुस्तकात मागे उत्तर १,५०,००० ज्यूल. हिचं येतंय ५०,०००. आणि हिच्या कोचिंगच्या ग्रुपवर एकाने १९,४४,००० काढलंय. तीन उत्तरं झाली आणि जेवणं अजून व्हायचीत.

१०४ भाऊ: सरासरी काढा आणि जेवून घ्या 😄

३०१ वहिनी: १९ लाखवाल्याने किलोमीटरचे मीटर केलेच नाहीत. ३६ गुणिले ५, भागिले १८, म्हणजे सेकंदाला १० मीटर. ७२ चे २०. हे आधी करायचं, मग सूत्राला हात लावायचा: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. वेगाचा वर्ग होतो ना, म्हणून ३.६ चाही वर्ग होऊन बसतो आणि उत्तर जवळजवळ १३ पट फुगतं.

५०२ ताई: ते हिने केलंय. १० आणि २० च घेतलेत. फरक १०, त्याचा वर्ग १००, गुणिले हजार, भागिले दोन. ५०,०००. मला तर बरोबरच वाटतंय.

३०१ वहिनी: तिथेच घोळ आहे. आधी वर्ग, मग वजाबाकी. ४०० वजा १००, राहिले ३००. गुणिले ५००. झाले दीड लाख. आमच्या वेळीही वर्गातली निम्मी पोरं इथेच आपटायची.

५०२ ताई: आलं! पण आता बाईसाहेब विचारतायत, का? शून्यावरून दहावर यायला ५०,००० लागले. मग दहावरून वीसवर जायलाही वेग दहानेच वाढला ना, तिप्पट कशाला? गाडी तीच, इंजिन तेच. मी म्हटलं, सूत्र आहे बाई, पाठ कर. तर तोंड वाकडं.

२०३ काका: वाकडं झालं ते बरोबरच झालं. सूत्र म्हणजे कारण नव्हे. जेवून लिहितो, चष्मा आत राहिलाय.

६०२ आजी: उद्या नळ येणार का? आज हौद निम्माच भरला.

७०१ सेक्रेटरी: आजी, आपल्याकडे एक दिवसाआड. उद्या सकाळी येईल.

२०३ काका: हं, आलो. बेटा, वही घे. इंजिनाचा जोर सारखा धर, २,००० न्यूटन. गाडी १,००० किलोची, म्हणजे दर सेकंदाला वेग २ ने वाढणार. शून्यावरून १० ला पोचायला ५ सेकंद. १० वरून २० लाही ५ च सेकंद. इथपर्यंत तुझं म्हणणं खरं, दोन्ही वेळा सारखंच काम झाल्यासारखं वाटतं. आता रस्ता मोज. पहिल्या ५ सेकंदांत सरासरी वेग ५, म्हणून गाडी गेली २५ मीटर. दुसऱ्या ५ सेकंदांत सरासरी १५, म्हणून ७५ मीटर. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. घड्याळाचा त्यात संबंधच नाही. २,००० गुणिले २५ झाले ५०,०००. २,००० गुणिले ७५ झाले १,५०,०००. गाडी आधीच पळत होती म्हणून तेवढ्याच वेळात तिप्पट रस्ता खाल्ला, आणि इंजिनाला त्या सगळ्या रस्त्याभर ढकलत राहावं लागलं.

५०२ ताई: काका!! हे सरांनी असं का नाही सांगितलं?

२०३ काका: सरांना अख्खा धडा संपवायचा असतो. मला एकच गणित आलं वाट्याला.

१०४ भाऊ: म्हणजे पेट्रोलही तिप्पट?

२०३ काका: निव्वळ वेग वाढवण्यापुरतं बोलायचं तर ऊर्जा तिप्पट. हवेचा विरोध, टायर, इंजिनातून उडून जाणारी उष्णता, हे सगळं वर. पण भाऊ, पेट्रोलपेक्षा ब्रेकचा विचार करा. ब्रेकचा जोर ५,००० न्यूटन धरला तर ३६ वरची गाडी १० मीटरमध्ये उभी राहते. ७२ वर तिच्यात २ लाख ज्यूल असतात, म्हणजे ४० मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. शिवाय समोर कुत्रं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद जातो, त्यात ७२ वाला आणखी २० मीटर पुढे गेलेला असतो. बायपासवर पुढच्याच्या बंपरला नाक लावून चालवणाऱ्यांना हे कोणी सांगावं.

१०४ भाऊ: माझ्याकडे बघून बोलताय काय काका

२०३ काका: मी मोबाइलकडे बघून बोलतोय.

४०५ (एम.एस्सी.): मध्येच घुसते. वेगाच्या या वर्गावरून युरोपात कित्येक वर्षं वाद चालला होता. गतीचा खरा हिशोब एम व्ही (वस्तुमान गुणिले वेग) की एम व्ही स्क्वेअर (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग)? जर्मन गणिती लाइबनित्स स्क्वेअरच्या बाजूने होता. मग डच प्राध्यापक ग्रावेसांडने पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले. दुप्पट वेगाने पडणारा गोळा चौपट खोल रुततो! एमिली द्यु शातले या फ्रेंच बाईने १७४० च्या आपल्या पुस्तकात हा पुरावा उचलून धरला. न्यूटनचा गतीच्या नियमांवरचा ग्रंथ ‘प्रिन्सिपिया’ फ्रेंचमध्ये आणणारी हीच. सूत्रातला ‘हाफ’ रूढ व्हायला मात्र १८२९ उजाडलं, फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिसच्या पुस्तकाने.

५०२ ताई: मातीचं ऐकून ही कुंडीकडे निघाली होती. बसवलं परत.

१०४ भाऊ: मला एक सांगा, सिलिंडर खांद्यावर घेऊन पॅसेजमधून सरळ चालत गेलो तर कार्य शून्य, असं शाळेत शिकवलं होतं. घाम आला त्याचं काय?

३०१ वहिनी: बल वर, चालणं आडवं. त्यामुळे तुम्ही सिलिंडरवर केलेलं कार्य शून्य. घाम स्नायूंचा, त्याचा हिशोब शरीराकडे. जिना चढलात की मग मिळतील मार्क.

२०३ काका: जिन्यावरून आठवलं. आजी पाण्याचं विचारत होत्या. मी जन्मभर आपल्या इंदूरला नर्मदेचं पाणी पाठवणाऱ्या जलूदच्या पंपांवर नोकरी केली, म्हणून हे तोंडपाठ आहे. नर्मदा तिथे समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आसपास, आणि इंदूर साडेपाचशेवर. म्हणजे आपण नळ सोडतो तेव्हा पाणी ४०० मीटर उचलून आलेलं असतं. मधला विंध्याचा घाट त्याहून उंच, तो धरतच नाही. १,००० लिटरला १,००० किलो गुणिले गुरुत्वाचे ९.८ गुणिले ४०० मीटर, म्हणजे ३९,२०,००० ज्यूल. विजेचं एक युनिट ३६ लाख ज्यूलचं. थोडक्यात, एका टाकीमागे एक युनिटहून जास्त वीज नुसती उचलण्यात गेली. पाइपातलं घर्षण आणि पंपाची तूट निराळी. आपल्या हौदातून गच्चीवर चढवायला त्याच्या पंधराव्या हिश्शाएवढीच लागते, आणि मेंटेनन्सच्या मीटिंगमध्ये भांडण होतं ते मात्र तेवढ्यावरच.

६०२ आजी: म्हणजे मी अंगण धुवायचं नाही का आता?

२०३ काका: धुवा, पण बादलीने. पाइप नको.

५०२ ताई: काका, आता ही वेगळंच विचारतेय, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही. पार्किंगच्या रॅम्पवरून पॅडल न मारता सायकल सोडली तर खाली किती वेग भरतो? म्हणजे हे रोज चालतं!

७०१ सेक्रेटरी: ताई, एकटी तीच नाही, सगळी पोरं सोडतात. गार्डभैया दोनदा तक्रार घेऊन आला.

२०३ काका: बेसमेंट वरून अडीच मीटर खाली आहे. वरची स्थितिज ऊर्जा, म्हणजे उंचीमुळे असलेली, खाली गतिज होते, म्हणजे वेगाची. दोन्हीकडे वस्तुमान आहे, ते कटतं, म्हणून बारीक पोरगं असो की भाऊंसारखा गडी, वेग तोच. वेगाचा वर्ग उरतो २ गुणिले ९.८ गुणिले उंची २.५, म्हणजे ४९, त्याचं वर्गमूळ ७. सेकंदाला ७ मीटर. ताशी २५ किमी! घर्षणात आणि चाकं फिरवण्यात थोडं जाईल, पण फार नाही. आणि खाली वळणावर खांब आहे.

३०१ वहिनी: खाली उतरल्या उतरल्या लगेच गाड्या वळतात तिथे. बाप रे.

१०४ भाऊ: रॅम्पच्या मध्यावर रबरी ब्रेकर टाका.

२०३ काका: उतारावर ब्रेकर नको. वेगात आलेली सायकल त्यावर उसळते आणि पोरगं हँडलवरून पुढे जातं.

५०२ ताई: ही म्हणतेय, “मी अर्ध्या रॅम्पवरून सोडीन, मग वेग अर्धा होईल.” थांबा, स्वतःच टाइप करतेय.

५०२ ताई: काका मी बोलतेय. अर्ध्यावरून म्हणजे १.२५ मीटर. २ × ९.८ × १.२५ = २४.५. वर्गमूळ ४.९५. ताशी जवळजवळ १८!! अर्धा नाही झाला. अर्ध्या वेगासाठी पाव उंचीवरून सोडावी लागेल. म्हणजे रॅम्पच्या जवळजवळ खालीच उभं राहायचं. त्यात काय मजा?

२०३ काका: शाब्बास. पेपरात असंच लिही, शेवटचं वाक्य सोडून.

७०१ सेक्रेटरी: तर असं करू. खांबाच्या वळणावर गोल आरसा, आणि संध्याकाळी ५ ते ८ रॅम्पच्या तोंडाशी साखळी. सायकली वर बागेकडे.

१०४ भाऊ: आणि माझी गाडी? मी साडेसहाला येतो.

७०१ सेक्रेटरी: गार्डभैया साखळी काढेल ना.

१०४ भाऊ: तो त्या वेळी चहाला गेलेला असतो.

७०१ सेक्रेटरी: मग उतरा आणि काढा. आरशाचा खर्च रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. कोणाच्या ओळखीत काचवाला असेल तर भाव विचारून ठेवा.