६५ मिमीपेक्षा खोल चाकं बंद: यूसीआयनं बरं केलं की उगाच?

घाटवेडा
यूसीआय म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना, तिच्या नियमानं १ जानेवारी २०२६ पासून रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतींत (सगळे एकत्र सुटतात त्या) ६५ मिमीपेक्षा खोल रिम चालत नाही. खोली म्हणजे टायरपासून चाकाच्या मध्याकडं रिम किती आत येते ते माप. माझ्या मते निर्णय योग्यच, किंबहुना उशिरा झाला. खोल रिम म्हणजे पुढच्या चाकाला बांधलेलं शीड. वारा समोरून आहे तोवर मजा. आडवा झोत बसला की चाक आपलं आपण वळायला बघतं, आणि भर घोळक्यात एकाचं हँडल हललं की मागचे धडाधड आडवे. २०१५ ची बेल्जियममधली गेंट-वेवेलगेम शर्यत आठवा. ब्रिटिश सायकलपटू गेरेंट थॉमस सायकलसकट रस्त्याकडेच्या चरात जाऊन पडला होता. शर्यत पुरी केली फक्त ३९ जणांनी.

वॉटवाला
तोच थॉमस त्या दिवशी तिसरा आला, तेही सांगा की! त्या वाऱ्यात साध्या रिमवाल्यांचीही धडगत नव्हती. आणि बंदी नेमकी कशावर घातली? रोव्हल रॅपिड सीएलएक्स-२ या शर्यतीच्या चाकजोडीत पुढचं चाक ५१ मिमी खोल, मागचं ६०. म्हणजे बरेच संघ आधीच मर्यादेच्या आत आहेत. हा निव्वळ देखावा. चाळीसच्या वेगाला बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, त्यामुळे चाकातून काढून घेतलेले वॉट (वाचणारी ताकद) लोक दुसरीकडून काढणार. हँडलबार अरुंद करतील, ब्रेकचे हूड (वर हात टेकायच्या मुठी) आत वळवतील. तोल त्यानं जास्त बिघडतो.

घाटवेडा
त्यालाही चाप लावलाय. हँडलबार बाहेरून बाहेर किमान ४०० मिमी. आणि ६५ च्या आत आहेत म्हणून काय झालं, उद्या ८० वर गेले असते. टूर दि फ्रान्स जिंकलेल्या ख्रिस फ्रूमचं २०१९ ला काय झालं? फ्रान्सच्या रोआनमध्ये नाक शिंकरायला एक हात काढला, झोत आला, थेट भिंतीवर. मांडीचं हाड मोडलं.

वॉटवाला
दादा, ती टाइम ट्रायलची, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध धावायच्या शर्यतीची सायकल होती. हा नियम टाइम ट्रायलला लागूच नाही! तिथं मागं सपाट डिस्क (आऱ्यांऐवजी पूर्ण बंद चाक) आजही चालते. तुमच्याच उदाहरणानं तुमचा मुद्दा पडला.

मिथिला_नाशिक
दोघंही एक गोष्ट विसरताय. वाऱ्याचा धक्का चाकाच्या आकारावर ठरतो, पण तो सोसायचा असतो स्वाराच्या वजनाला. ७५ किलोच्या माणसाला जो झोत नुसता जाणवतो, तो ५० किलोच्या मुलीला अर्धी लेन सरकवतो. घाटात कंटेनर ओलांडताना बघा: त्याच्या आडोशाला वारा शून्य, म्हणून आपण निवांत. केबिनच्या पुढं निघालो की एकदम थप्पड. तिथं मी हात ड्रॉपवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर) ठेवते, पकड मात्र सैल. घट्ट धरलं की हँडल जास्त थरथरतं. म्हणून चाकावरची मर्यादा मला मान्य. पण ४०० चा हँडलबार? माझे खांदे तेवढे रुंदच नाहीत. एका हातानं सुरक्षा दिली, दुसऱ्यानं काढून घेतली.

स्पोककाका
खोली हे मापच अपुरं आहे. जुनी टोकदार व्ही आकाराची रिम वाऱ्याचा कोन वाढला की तिच्यावरून चिकटून वाहणारी हवा अचानक सुटते, आणि हँडलला झटका बसतो. आताची रुंद, बोथट रिम तेवढ्याच खोलीला पुष्कळ शांत चालते. दुकानात मी दोन्ही बसवलीत आणि दोन्ही चालवलीत. फरक हाताला कळतो. मागचं चाक खोल असेल तर फारसं बिघडत नाही, ते स्टिअरिंगला जोडलेलं नसतं. मर्यादा घालायचीच तर फक्त पुढच्या चाकाला घाला, आणि आकार बघून घाला.

वॉटवाला
काका, आकार मोजणार कोण? स्टार्टलाइनवर वारा-बोगदा (विंड टनेल) नेणार का?

घाटवेडा
तेच तर म्हणतोय! खोली मोजायला पट्टी पुरते. म्हणूनच हा नियम राबवता येतो. डोंगरावरच्या शर्यतीत अधिकाऱ्याकडं वेळ किती असतो, माहितीय ना?

स्पोककाका
सोपं आहे म्हणून बरोबर, हे मला पटत नाही. हवाईतल्या कोनाच्या आयर्नमन ट्रायथलॉनमध्ये आडव्या वाऱ्यामुळं डिस्क बंद आहे, ते समजू शकतो. तिथं वारा ठरलेला आहे. पण बंदिस्त गल्ल्यांतल्या क्रिटेरियमला (छोट्या फेऱ्यांच्या शर्यतीला) आणि समुद्राकाठच्या टप्प्याला एकच आकडा?

मिथिला_नाशिक
काका, ते सगळं नंतर. मला आधी सांगा, बाहेरून बाहेर ३८० मिमीच्या हँडलबारवर बसवलेले माझे शिफ्टर (गिअर बदलायचे लिव्हर) ४०० वाल्यावर नेले तर केबल पुरतील का, की नव्या ओढाव्या लागतील?