मदत हवी आहे : १९ वर्षांची डिझेल पिकअप दुरुस्त करून ठेवावी की नवी घ्यावी?

नमस्कार.

माझा लाकूडकामाचा छोटा कारखाना असून त्याची सगळी ने-आण एकाच डिझेल पिकअपवर चालते. गाडी १९ वर्षांची आहे आणि ३,१०,००० किलोमीटर चालली आहे. पहिल्या दिवसापासून ती माझ्याकडेच असल्यामुळे तिच्यात काय कधी बदलले, हे मला वहीत न पाहताही सांगता येते. आता मात्र मेकॅनिकने ‘इंजिन काम’ हे शब्द उच्चारले आहेत. तो खर्च करावा की तेवढ्या पैशांत भर घालून नवी गाडी घ्यावी, या प्रश्नावर मी महिनाभर अडकून बसलो आहे.

आधी लक्षणे सांगतो. सकाळी इंजिन थंड असताना सेल्फ दोनदा मारावा लागतो. चारही हीटर प्लग गेल्या वर्षीच बदलले आहेत, त्यामुळे दोष त्यांचा नसावा. सुरू झाल्यावर अर्धा-पाऊण मिनिट पांढरट धूर येतो आणि तीनच सिलिंडर चालत असल्यासारखे इंजिन हलते. मग हळूहळू आवाज सरळ होतो आणि दिवसभर काही तक्रार नसते. ऑइल दर ३,००० किलोमीटरला साधारण अर्धा लिटर वर घालावे लागते. मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण काढले आणि तेच झाकण तोंडावर उलटे ठेवले. ते थरथरत जागच्या जागी फिरले, पण उडून पडले नाही; कडेने मात्र वाफेसारखा धूर येत राहिला. एवढ्यावरून त्यांनी ‘बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा गेल्या, इंजिन खोलावे लागेल’ असे निदान केले; म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा झिजून सिलिंडरमधला दाब खाली ऑइलच्या बाजूला निसटतो. प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणारे कॉम्प्रेशन गेज लावून तपासणी अद्याप झालेली नाही.

गाडीचे काम कसे आहे तेही सांगणे आवश्यक आहे, कारण निर्णय बहुधा त्यावरच अवलंबून राहील. वर्षाला सुमारे १६,००० किलोमीटर होतात. त्यातील बहुतेक फेऱ्या लाकडाच्या वखारीपर्यंतच्या, म्हणजे चार-पाच किलोमीटरच्या असतात. आठवड्यातून एक-दोनदा तयार फर्निचर पोहोचवायला ६० ते ८० किलोमीटर जावे लागते. १९ मिलिमीटर जाडीची, आठ बाय चार फुटांची प्लायवुडची पाटी साधारण ३५ किलोची भरते आणि मी एका वेळी अशा २५ पाट्या आणतो. म्हणजे पाट्यांवर नऊशे किलोंच्या आसपास वजन नेहमीच पडते. (येथे दुसऱ्या ‘पाट्या’ म्हणजे गाडीचे पाटे, पोलादी पानांच्या स्प्रिंगा; त्यांनीही या १९ वर्षांत बरेच सोसले आहे.)

खर्चाचा हिशेब मी पैशांत न करता डिझेलच्या लिटरमध्ये केला आहे. भाव बदलत राहतात, पण ‘हा खर्च म्हणजे किती लिटर डिझेल’ असे विचारले की दोन्ही बाजू एकाच मापाने मोजता येतात. गेल्या तीन वर्षांत क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट, डिझेल पंपाची सील, रेडिएटर आणि मागच्या पाट्यांचे मुख्य पान या कामांना मिळून २,१६० लिटरच्या किमतीइतका खर्च झाला, म्हणजे दरमहा ६० लिटर. पूर्ण इंजिन कामाचा अंदाज १,३०० लिटरचा आहे. नवी गाडी घेतल्यास, जुनी बदल्यात देऊनही, ६० महिने दरमहा ३३० लिटरचा हप्ता पडतो आणि विम्यापोटी आणखी २५ लिटर जास्त जातात. नवी गाडी लिटरला ११ ऐवजी १३.५ किलोमीटर देईल असे धरले, तरी वर्षाला सुमारे २७० लिटर, म्हणजे महिन्याला जेमतेम २२ लिटर वाचतात. दुरुस्तीचे ४५ लिटर वाचले असे मानले, तरीही दरमहा जवळजवळ २९० लिटरचा फरक उरतो. त्यामुळे चांगल्या अ‍ॅव्हरेजसाठी नवी गाडी घ्या असे मला कोणी सांगू नये, ही नम्र विनंती.

पैशांपलीकडेही काही गोष्टी आहेत. माझ्या गाडीचा डिझेल पंप यांत्रिक आहे. एकदा इंजिन सुरू झाले की डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडच्या एका तारेपुरती वीज मिळाली तरी ते चालत राहते. नव्या कॉमन रेल इंजिनांत डिझेलचा दाब २,००० बारच्या घरात असतो, आणि त्या पंपाला व डिझेल फवारणाऱ्या नोझलना पाणी किंवा कचरा मुळीच खपत नाही. शिवाय धुराची काजळी अडवणारा फिल्टर, वायू पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह, धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या युरियाची टाकी असा सगळा परिवार सोबत येतो. काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी त्याचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावे लागते, आणि ते चार किलोमीटरच्या फेरीत होत नाही, असे वाचले आहे. माझे काम पाहता हीच भीती सर्वांत मोठी वाटते.

दुसऱ्या बाजूला, जुन्या गाडीत एबीएस (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही आणि एअरबॅग तर नाहीच. गेल्या पावसाळ्यात गाडी रिकामी असताना ओल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक मारला, तेव्हा मागची चाके जाम होऊन गाडीची शेपूट शेजारच्या पट्ट्यात गेली. तेथे कोणी नव्हते म्हणून निभावले. त्या दिवसापासून लिटरचा हिशेब मला पूर्वीइतका पटत नाही. चढावर भरलेली गाडी काळा धूर सोडते तेव्हा मागच्या दुचाकीवाल्याचा चेहरा आरशात दिसतो, तेही आता खुपते.

माझे प्रश्न असे आहेत : झाकणाच्या परीक्षेवरून रिंगा गेल्या असे मानून इंजिन खोलणे योग्य आहे का? माझ्यासारख्या छोट्या फेऱ्यांच्या वापरात काजळीचा फिल्टर खरोखर तग धरत नाही का? आणि १,३०० लिटर खर्च करून ही गाडी आणखी सहा-सात वर्षे काढेल, असे मानण्यास काही आधार आहे का?

प्रतिसाद १

आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी बरीच वर्षे गॅरेज चालवले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

झाकणाची परीक्षा ही कपाळाला हात लावून ताप पाहण्यासारखी आहे. झाकण उडाले असते, तर मीही काळजी केली असती. तीन लाख किलोमीटर चाललेल्या टर्बो इंजिनात थोडा धूर आणि थरथर असतेच. दर ३,००० किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल हेही या वयाला फार नाही, आणि ऑइल जळण्याचा निळा धूर आपण कोठेही सांगितलेला नाही. पांढरट धूर म्हणजे बहुधा न जळलेले डिझेल. थंडपणी एक सिलिंडर पेटत नाही आणि गरम झाल्यावर पेटतो, याची कारणे अनेक असू शकतात : एखादे नोझल गळते, एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, किंवा खरोखरच त्या सिलिंडरच्या रिंगा गेल्या आहेत. कॉम्प्रेशन गेज लावून चारही आकडे घ्यावेत. येथे सरासरीपेक्षा आपसांतला फरक महत्त्वाचा असतो. एक सिलिंडर मागे पडलेला दिसला, तर पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना त्यात कॉम्प्रेसरची हवा भरावी आणि कान लावावा. सायलेन्सरच्या नळीतून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या फिल्टरच्या बाजूने आला तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या तोंडातून आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. हे काम तासा-दीड तासाचे आहे. त्याआधी कोणालाही इंजिन खोलू देऊ नये.

काजळीच्या फिल्टरबद्दल आपली भीती अर्धी खरी आहे. केवळ वखारीच्या फेऱ्या असत्या, तर मीच नको म्हटले असते. आपण आठवड्यातून एक-दोनदा ६०-८० किलोमीटर जाता, तेवढ्यात फिल्टर साफ होण्यास पुरेसा वेळ मिळतो. पथ्य एवढेच, की साफसफाई सुरू असताना इंजिन बंद करू नये. ती पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली, तर साफसफाईसाठी जादा सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. अशा गाड्यांत ऑइल मोजायची पट्टी काढली की ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते, आणि मालक खूश होतो! ऑइलही कमी राखेचे, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच घालावे, कारण काजळी जळते पण राख फिल्टरमध्येच साचत जाते.

हिशेबात एक चूक आहे. हप्ता हा पूर्ण खर्च धरू नये, कारण ६० महिन्यांनी गाडी आपल्या नावावर असते आणि तिला किंमत असते. आपल्या मापाने एकूण १९,८०० लिटर भरल्यावर ती गाडी ९,००० लिटरच्या किमतीला जाईल असे धरले, तर दरमहाचा खरा खर्च ३३० नसून १८० लिटर होतो. तीन-चार वर्षे वापरलेली गाडी घेतल्यास हा आकडा आणखी खाली येतो, कारण किमतीची सर्वांत मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. मात्र तिचा काजळीचा फिल्टर आणि नोझल तपासून घेणे आले.

आता मुख्य मुद्दा. आपल्या संपूर्ण लिखाणात चासीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचा, उल्लेख एकदाही नाही. इंजिन बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, पण चासीची उभी पट्टी (पुढून मागे जाणारी) आतून सडली तर गाडी संपली. मागच्या पाट्यांचे शॅकल (पाटे चासीला जोडणाऱ्या कड्या) जेथे बसतात ती जागा, मागच्या चाकांवरचा कमानीसारखा वाकलेला भाग आणि डिझेल टाकीच्या आतली बाजू, येथे चिखल साचून राहतो. गाडी लिफ्टवर घ्यावी, वायर ब्रशने माती काढावी आणि हातोडीने ठोकत जावे. चांगला पत्रा टणकारतो, सडलेला बद्द वाजतो. शंका आली तेथे स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहावा. आडव्या पट्टीला ठिगळ चालते. उभ्या पट्टीवर, विशेषतः तिच्या वरच्या-खालच्या पाळीवर, आडवे वेल्डिंग मारून त्यावर नऊशे किलो लादणे मला मान्य नाही; भेग नेमकी वेल्डिंगच्या कडेने सुरू होते. इंजिनावर एक पैसाही घालण्यापूर्वी हे पाहावे.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

आपले मनःपूर्वक आभार. दोन्ही तपासण्या करून घेतल्या, म्हणून सविस्तर कळवत आहे.

कॉम्प्रेशनचे आकडे अनुक्रमे २७, २६, २७ आणि २१ बार आले. चौथ्या सिलिंडरमध्ये हवा भरली आणि मी स्वतः सायलेन्सरच्या नळीपाशी कान नेला. आवाज स्पष्ट येत होता. ऑइलच्या तोंडाशी मात्र जवळजवळ शांतता होती. म्हणजे रिंगा ठीक असून एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही. फक्त हेडचे, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागाचे काम करावे लागेल आणि त्याचा अंदाज ३५० लिटरचा निघाला. मेकॅनिकनेही आपला अंदाज चुकल्याचे मोकळेपणाने मान्य केले. मी इतका आनंदलो, की चासी पाहायचे पुढच्या आठवड्यावर ढकलणार होतो.

गाडी लिफ्टवर घेतली. उजवी बाजू पुढपासून मागपर्यंत टणकारली. डावीकडे टाकीच्या आतल्या अंगाला मूठभर वाळलेला चिखल निघाला आणि त्यामागे रंग शाबूत दिसला. तेथे हातोडी मारली, तर ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज आला. स्क्रू ड्रायव्हर टेकवून नुसता तळहाताने दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढल्यावर त्या भोकातून गंजाचे पापुद्रे माझ्या बाहीवर पडत राहिले. शॅकलची जागा तेथून वीतभर मागे आहे. गेल्या आठवड्यापर्यंत मी याच पट्टीवर २५ पाट्या लादत होतो.

त्या दिवसापासून गाडीत माल भरलेला नाही. आपण सुचवलेली घसाऱ्याची दुरुस्ती केल्यावर दरमहाचा फरक २९० ऐवजी १४० लिटरवर आला आहे आणि तो मला झेपण्यासारखा आहे. तीन वर्षे वापरलेली, एबीएस असलेली एक गाडी पाहून ठेवली आहे. तिची चासी पाहण्यासाठी हातोडी मी स्वतःच घेऊन जाणार आहे.

त्यामुळे आता प्रश्न बदलला आहे. जुन्या गाडीचे इंजिन हेडचे काम केल्यास उत्तम चालेल, गिअरबॉक्स निर्दोष आहे आणि क्लच नवा आहे. गाडी बदल्यात दिल्यास या सगळ्याची किंमत भंगाराच्या भावाने धरली जाईल. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिझेल पंप वेगळे काढून विकावेत, तर हेडचे काम आधी करून घ्यावे की चारही सिलिंडरचे आकडे सांगून आहे त्या स्थितीत द्यावे? आणि इंजिन काढल्यानंतर उरलेल्या सांगाड्याची नोंदणी रद्द करताना चासी क्रमांक कोरलेला तुकडा सोबत जपून ठेवावा लागतो का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.