पिस्तुलाची गोळी, जिलेटिन, पाणी, माती: आकडा कोणता धरायचा?

चांदमारी (धागाकर्ता)

मी टेक्सासात राहतो आणि शनिवारी रेंजवर जातो. परवा तिथल्या एका ओळखीच्याने दोन कंपन्यांच्या ९ मिमी हॉलो पॉइंट (टोकाला खळगा असलेल्या, आत शिरताच उमलून रुंद होणार्‍या) गोळ्यांची तुलना दाखवली. एक ४६ सेंमी आत गेलेली, दुसरी ३५. त्याचा निकाल तयार होता: पहिली सरस. खोदून विचारल्यावर कळलं की पहिली झाडली होती खनिज तेलाच्या पारदर्शक जेलमध्ये आणि दुसरी १० टक्के जिलेटिनमध्ये (स्नायूच्या जागी गोळी झाडून पाहायला वापरतात ती जेली). ही तुलनाच नव्हे. एक कापड गजाने मोजलं, दुसरं वितीने.

जिलेटिनचा ठोकळा मी दोनदा स्वतः केला आहे. १ किलो पावडरीला ९ लिटर पाणी. आधी गार पाण्यात भिजवायची, नाहीतर गुठळ्या होतात. मग हलक्या आचेवर विरघळवायची. जास्त तापली की ताकद जाते. वरचा फेस काढून ठोकळा ४ अंश सेल्सिअसवर ठेवायचा. गोळी झाडण्याआधी त्यात पोलादी छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने मारायचा. तो साडेआठ सेंमी जायला हवा, फार तर एक सेंमी इकडेतिकडे. नाही गेला तर ठोकळा बाद.

पारदर्शक जेल फ्रीजशिवाय टिकतं, वितळवून पुन्हा वापरता येतं, व्हिडिओत सुंदर दिसतं. पण त्यात हॉलो पॉइंट बरेचदा कमी उमलते आणि जास्त आत जाते. माझं मत: छर्‍याची नोंद नसेल तर तो आकडा वाचूच नये.

गोठा

मी पशुवैद्य आहे, बंदुकीतलं मला फारसं कळत नाही. पण शरीर कळतं. म्हशीच्या कातड्याला सुई टोचताना मनगटाचा जोर लागतो, तीच सुई खालच्या स्नायूत सरसर जाते. फुप्फुस म्हणजे हवा भरलेला स्पंज. यकृत अंगठ्याने दाबलं तरी फाटतं. आणि बरगडी? हे सगळं एका सारख्या घट्ट ठोकळ्यात कसं बसणार? जेल कुठलंही घ्या, सेंमीचा आकडा हा खोटा नेमकेपणा आहे.

चांदमारी

गोठा, ठोकळा म्हणजे शरीर असं मी म्हणतच नाही. ती मोजपट्टी आहे. मार्टिन फॅक्लर या अमेरिकी लष्करी शल्यविशारदाने भूल दिलेल्या डुकरांच्या मांडीच्या स्नायूशी ताडून १० टक्क्यांचं प्रमाण पक्कं केलं. खर्‍या शरीरावर चाचणी करून पाहिलेली आहे. १९०४ साली थॉम्पसन आणि लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातल्या गुरांवर आणि टांगलेल्या प्रेतांवर गोळ्या झाडल्या. गोळी लागल्यावर प्रेत किती झुलतं, यावरूनही अंदाज बांधले! त्यातून ०.४५ कॅलिबरची (०.४५ इंच व्यासाच्या गोळीची) शिफारस निघाली, पण एका जनावराचा निकाल दुसर्‍याशी जुळेना. पुन्हा करून तेच उत्तर येत नसेल तर मोजलं काय?

घडवंची

जिलेटिनचा सोस परवडणार्‍यांनी करावा. मी पाण्याने भरलेले दुधाचे प्लास्टिक कॅन ओळीने मांडतो, एक साधारण १५ सेंमीचा. गोळी कितव्या कॅनमध्ये सापडली ते लिहून ठेवतो. पाण्याला ना तापमानाची कटकट, ना मिश्रणाची. जगात कुठेही पाणी ते पाणीच. तुमच्या छर्‍यापेक्षा हे जास्त खात्रीचं आहे.

चांदमारी

पाणी सगळीकडे सारखं, हे मान्य. पण पाणी गोळीला धरून ठेवत नाही. वेग उतरला की जिलेटिन तिला थांबवतं, पाण्यात ती पुढे सरकत राहते. म्हणून पाण्यातली खोली साधारण दीडपट ते दुप्पट येते. शिवाय पाण्यात हॉलो पॉइंट हमखास उमलते. समोर जाड डेनिम ठेवा, तोंडात कापडाचा बोळा बसला की तीच गोळी बंद राहून लांब जाऊ शकते. उघडं पाणी गोळीची चांगलीच बाजू दाखवतं.

वाळूघड्याळ

मातीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. चिकणमातीत गोळी मारून पडलेला भला मोठा खड्डा दाखवायची लोकांना हौस असते. माती परत उसळत नाही. क्षणभर फाकलेली पोकळी तशीच राहते. स्नायू आणि जिलेटिन मात्र पुष्कळसे मिटतात. म्हणून तो खड्डा म्हणजे जखम नव्हे. मातीचं खरं काम बुलेटप्रूफ जाकिटामागे आहे. अमेरिकी मानकात जाकीट गोळी अडवतं तेव्हा मागच्या मातीत ४४ मिमीपेक्षा खोल खळगा पडून चालत नाही. तिथे माती योग्य, कारण मोजायची असते मागे बसलेली धडक.

गोठा

मोजपट्टीचा मुद्दा पटला. तरी एक राहतंच. तुम्हा लोकांच्या बोलण्यात येणारी मायामीची चकमक मी वाचून काढली. ११ एप्रिल १९८६. एफबीआयच्या एजंटची ९ मिमी गोळी हल्लेखोराच्या दंडातून छातीत गेली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो लढत राहिला, दोन एजंट मेले. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनमध्ये किमान ३० सेंमी, जास्तीत जास्त ४५ अशी अपेक्षा ठरवली. ठोकळ्यापुढे जाड कपडे, पत्रा, जिप्समची भिंत, प्लायवूड, गाडीची काच ठेवली. म्हणजे नुसत्या जेलने भागत नाही, हे त्यांनाही उमगलं. पण या यादीत हाड कुठे आहे? काच धरली आणि बरगडी सोडली.

चांदमारी

हाडाचं खरं आहे, ती उणीव मीही आजवर मनावर घेतली नव्हती. पण हाड घालायचं तर कुठलं, किती जाड, ताजं की सुकं, हे आधी ठरवावं लागेल, नाहीतर पुन्हा शिकागोची गुरं. घडवंची, तुमचे कॅन मला हवे आहेत. एकाच खोक्यातल्या पाच गोळ्या जिलेटिनमध्ये, पाच पारदर्शक जेलमध्ये, पाच पाण्यात, तिन्हीपुढे सारखंच डेनिम, एकाच सकाळी. दोन्ही ठोकळ्यांत आधी छर्रा. पावडर आज संध्याकाळी भिजत घालतो.