भिडेंचा फॉरवर्ड आणि गच्चीवरची डिश

बी-४०३ माई: ज्यांनी पहाटे तो फॉरवर्ड टाकलाय त्यांनी कृपया काढून टाकावा. "दूरदर्शनचे लाडके वृत्तनिवेदक प्रदीप भिडे आज निवृत्त होत आहेत, शुभेच्छांचे दोन शब्द लिहा." अहो, भिडे २०२२ च्या ७ जूनला गेले. आज त्यांचा स्मृतिदिन आहे. आणि खाली आपल्याच लोकांनी रांगेत "पुढील आयुष्य सुखसमृद्धीचे जावो" लिहिलंय.

बी-१०४: एकाने केक पण पाठवलाय 😐

सी-२०१ अप्पा: माई, मीच टाकला. मेव्हण्यांकडून आला होता. भावना चांगली होती.

बी-४०३ माई: भावनेबद्दल कुणी बोलतच नाहीये अप्पा. वाचून टाका एवढंच. त्या कलिंगडात इंजेक्शनवाल्या व्हिडिओच्या वेळीही हेच झालं होतं.

ए-५०२: गच्चीवरची डिश वॉटरप्रूफिंगसाठी काढली. अजून लावलेली नाही. क्लबहाऊसच्या टीव्हीवर सह्याद्री दिसत नाही. कधी लावणार?

सेक्रेटरी: सर्वांना सुप्रभात 🙏 हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे याची नम्र आठवण. डिशचा विषय कमिटीच्या विचाराधीन आहे.

सी-३०३ वहिनी: मृग लागला तरी गच्चीचं काम अर्धंच आहे. माझ्या बेडरूमच्या छताला आत्ताच ओल दिसतेय, तीही विचाराधीन आहे का?

सेक्रेटरी: ताई, ठेकेदाराशी बोलणं झालंय.

सी-३०३ वहिनी: मार्चपासून बोलणंच चाललंय.

डी-६०१: भिडे गेले हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या घरी त्यांचा "नमस्कार" ऐकू आला की आजोबा रेडिओ बंद करायचे आणि आई कुकर लावायची. सातच्या बातम्या म्हणजे भिडे.

सी-२०१ अप्पा: सातच्या नाही, साडेसातच्या.

डी-६०१: सात.

सी-२०१ अप्पा: साडेसात. मी सहा चौपन्नच्या फास्टने यायचो, घरी पोचेपर्यंत सात वीस, हातपाय धुऊन बसलो की बातम्या.

बी-१०४: अप्पा, गाडी वेळेवर यायची हाच मोठा पुरावा आहे की हे फार जुनं असणार 😂

बी-४०३ माई: वेळ मध्ये बदलली होती. दोघंही बरोबर. पुढे चला.

ई-२०२: आम्हाला भिडेंपेक्षा अनंत भावे जास्त आवडायचे. प्राध्यापक माणूस, मुलांसाठी कविता लिहिणारा. एकेक शब्द सावकाश, चष्म्यातून बघत. भिडेंचा आवाज भारदस्त, मान्य. पण बातमी समजावी ती भाव्यांची.

डी-६०१: भिडेंचं काय समजायचं नाही हो?

ई-२०२: मी तसं म्हटलेलं नाही.

डी-६०१: तसंच म्हटलंय.

सी-३०३ वहिनी: आणि बायकांची नावं कुणीच घेत नाही. स्मिता पाटील सिनेमात यायच्या आधी मुंबई दूरदर्शनवर बातम्याच वाचायची. भक्ती बर्वेही तिथलीच. जीन्सवरच साडी गुंडाळून स्मिता कॅमेऱ्यापुढे बसायची हा किस्सा तर सगळ्यांना पाठ आहे. टेबलाखालचं कुणाला दिसतंय!

बी-१०४: म्हणजे लॉकडाऊनमध्ये वर शर्ट आणि खाली बर्म्युडा घालून मीटिंगा करणारे आम्ही पहिले नव्हतो 🙌

सी-२०१ अप्पा: सलमा सुलतान! कानामागे गुलाब. १९८४ च्या ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी इंदिराजींची बातमी त्यांनीच सांगितली.

ई-२०२: संध्याकाळी! बीबीसीने तोवर केव्हाच सांगून टाकलं होतं. आमच्या ऑफिसात दुपारी दोनला शटर खाली आलं.

सी-२०१ अप्पा: कळलं असेल. पण खरं वाटलं ते त्यांनी सांगितल्यावर.

ए-५०२: डिश कधी लावणार? सह्याद्री पूर्णपणे मोफत चॅनेल आहे. त्याला कुठलंही पॅक लागत नाही. फक्त डिश लागते.

खजिनदार: डिश काढताना तिचा स्टँड मोडला. नवीन स्टँडचा खर्च कोणत्या खात्यातून टाकायचा हे एजीएममध्ये ठरेल. तोवर ज्यांचा मेंटेनन्स थकलाय त्यांनी भरला तर स्टँडच काय, टीव्हीही नवीन येईल.

ए-५०२: हा टोमणा कुणाला?

खजिनदार: सर्वसाधारण निवेदन आहे.

सी-२०१ अप्पा: असो. एक मात्र आहे. त्या लोकांचं नशीब चांगलं. सरकारी नोकरी, दिवसाला पंधरा मिनिटं वाचन, निवृत्तीला शाल-श्रीफळ आणि आयुष्यभर पेन्शन. आम्ही प्रायव्हेटवाले राहिलो.

बी-४०३ माई: ए-१०२ चे नाना ग्रुपवर आहेत ना? वरळीला दूरदर्शनला होते ते. त्यांनीच सांगावं.

बी-१०४: नाना फक्त "पाणी आलं का" विचारायला येतात.

ए-१०२ नाना: वाचतोय सगळं. पाणी आलं का?

सेक्रेटरी: टँकर दहाला येईल नाना.

ए-१०२ नाना: बरं. मग लिहितो. मला टायपिंगला वेळ लागतो, मध्ये कुणी बोलू नका.

बी-१०४: 🤐

ए-१०२ नाना: अप्पा, मी फ्लोअरला होतो. मला पेन्शन आहे, कारण मी कर्मचारी होतो. पडद्यावर जे चेहरे तुम्हाला घरच्यासारखे वाटायचे त्यातले बरेचसे कर्मचारी नव्हतेच. कॅज्युअल. महिन्यात ठरावीकच ड्युट्या, तेवढ्याचंच मानधन. कुणी कॉलेजात शिकवायचं, कुणी कंपनीत, कुणी नाटकात. दिवसभर आपलं काम करून संध्याकाळी वरळीला यायचे. वर्षानुवर्षं. ज्याची नेमणूकच नाही त्याला निवृत्त कोण करणार? पुढच्या महिन्याच्या यादीत नाव येत नाही, संपलं. निरोप समारंभ नाही, शाल नाही. प्रेक्षकाला दोन-तीन महिन्यांनी वाटतं, अरे, हल्ली ते दिसत नाहीत. तुमचा फॉरवर्ड चुकीचा आहे अप्पा, पण ज्याने लिहिला त्याला कुठेतरी निरोप द्यायचा राहून गेला असं वाटलं असणार.

ए-१०२ नाना: संपलं नाही अजून.

ए-१०२ नाना: दुसरं. पंधरा मिनिटं वाचन. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं. त्या काळात समोर अक्षरं सरकवणारं यंत्र नव्हतं. हातात कागद. डेस्कवरून बातमी यायची तीच शेवटच्या मिनिटाला, कधी खाडाखोड केलेली, कधी बुलेटिन सुरू झाल्यावर टेबलाखालून सरकवलेली. ती पहिल्यांदा वाचायची तीच लाखो लोकांसमोर. वाक्याचा पहिला अर्धा भाग नजरेत भरून घ्यायचा, मान वर करून तुमच्याकडे बघत बोलायचा, मान खाली, पुढचा अर्धा. आणि परदेशी नावं! कुठल्यातरी पंतप्रधानाचं बारा अक्षरी नाव अडखळत वाचलं की दुसऱ्या दिवशी पत्रांचा ढीग.

ए-१०२ नाना: तिसरं. निवेदिका आणि वृत्तनिवेदिका यांत तुम्ही गल्लत करताय. बातम्या वाचणारे वेगळे. "यानंतर पाहूया..." म्हणणाऱ्या निवेदिका वेगळ्या, त्यांचा दिवस मोठा. प्रसारण सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत. टेप अडकली, गावाकडून येणारी फिल्म पोचली नाही, की व्यत्ययाची पाटी लावायची आणि मग त्यांच्यावर कॅमेरा. हातात काही लिहिलेलं नाही आणि मी कॅमेऱ्याशेजारी उभा राहून हाताने ताणा, ताणा अशी खूण करतोय. त्या हसून उद्याचे कार्यक्रम सांगायच्या. उद्याचे संपले की परवाचे. घाम फक्त आम्हाला दिसायचा. साडी बारीक रेघांची किंवा बारीक चौकड्यांची चालायची नाही, पडद्यावर नाचायची. पांढरीशुभ्र चालायची नाही, चेहरा काळवंडायचा. नव्या मुली घरून हौसेने इरकल नेसून यायच्या आणि बारीक चौकडा बघून आम्ही परत पाठवायचो.

सी-३०३ वहिनी: नाना 🙏 मला वाटायचं साप्ताहिकी सांगणाऱ्या बाईंना सगळं पाठच असतं.

ए-१०२ नाना: असायचंच जवळपास. 'आमची माती आमची माणसं' कितीला, 'गजरा' कधी, 'छायागीत' कधी, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायच्या.

डी-६०१: छायागीतच्या दिवशी आमच्या चाळीत एकाच घरी टीव्ही. खिडकीबाहेर उभं राहून बघायचो.

ई-२०२: आणि त्या घरच्या काकू बरोबर पहिलं गाणं संपलं की पडदा ओढायच्या.

डी-६०१: तुमच्याकडे पण?? 😂

ई-२०२: सगळीकडे एकच काकू होत्या बहुतेक.

बी-१०४: नाना, मग हे सगळं थांबलं कधी?

ए-१०२ नाना: एका दिवसात काही थांबत नाही. ८२ मध्ये रंगीत आलं तेव्हा आम्ही राजे होतो. मग केबल. १९९२ च्या २ ऑक्टोबरला झी सुरू झालं. बरोब्बर आमच्या विसाव्या वाढदिवशी. कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, वाढदिवसाला पाहुणा आलाय, जेवूनच जाईल. तो राहायलाच आला. पुढे चॅनेलला दोन कार्यक्रमांच्या मधली जागा जाहिरातीला विकायची असते, तिथे "यानंतर पाहूया" म्हणणारा माणूस कशाला बसवतील?

बी-४०३ माई: अप्पा, वाचलंत?

सी-२०१ अप्पा: वाचलं. पेन्शनचं माझं चुकलं. फॉरवर्ड काढतो.

सी-२०१ अप्पा: काढायचा कसा? फक्त माझ्यासाठी काढा की सर्वांसाठी असं विचारतंय.

बी-१०४: सर्वांसाठी!! अप्पा, थांबा!!

सी-२०१ अप्पा: माझ्यासाठी दाबलं गेलं.

बी-१०४: मग तो तुम्हाला सोडून आता आम्हा सगळ्यांना दिसतोय 🙈 ॲडमिन, तुम्ही काढू शकता.

सेक्रेटरी: काढला. एक सूचना आहे. येत्या रविवारी संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये नानांचा "दूरदर्शनचे दिवस" असा छोटा कार्यक्रम ठेवूया का?

ए-१०२ नाना: भाषण करणार नाही. विचाराल ते सांगेन. आणि माईक नको, तुमचा तो माईक शिट्ट्या मारतो.

सी-३०३ वहिनी: निवेदन माई करतील.

बी-४०३ माई: मी मुळीच नाही. मागच्या गणपतीत माझ्या हातातून माईक काढून त्या भाड्याने आणलेल्या मुलाला दिला होता कमिटीने. "कार्यक्रमात एनर्जी हवी" म्हणून. मी विसरलेले नाही.

सेक्रेटरी: माई, तो मागच्या सांस्कृतिक समितीचा निर्णय होता.

ई-२०२: मागच्या समितीत मी होतो. निर्णय अध्यक्षांचा होता.

डी-६०१: अध्यक्ष कोण होतं?

खजिनदार: विषय रविवारचा आहे. खाण्याचं काय? माणशी तीस रुपये धरले तर बटाटेवडा आणि चहा होईल. आत्ताच सांगतो, उधारी नाही.

ए-५०२: नाना बोलतील तेव्हा मागे टीव्हीवर सह्याद्री लावता आलं असतं. डिश असती तर.

ए-१०२ नाना: ए-५०२, स्टँडला फक्त दोन नट लागतात. माझ्याकडे आहेत. डिशची दिशा मी लावून देतो, आयुष्यभर तेच केलंय. कुणीतरी तरुण माणूस शिडी धरायला द्या.

खजिनदार: गच्चीची किल्ली ठेकेदाराकडे आहे.

सी-३०३ वहिनी: म्हणजे ठेकेदार येत नाही आणि किल्लीही देत नाही??

सेक्रेटरी: ताई, फोन करतो.

बी-१०४: शिडी मी धरतो नाना. शनिवारी सकाळी चालेल?

ए-१०२ नाना: पाऊस नसेल तर आठला. चपला नको, गच्ची ओली आहे, बूट घालून ये.

बी-४०३ माई: आणि वडे नाक्यावरच्या त्या नव्या दुकानातून आणू नका. मागच्या वेळी आत बटाटा कमी आणि लसूण जास्त होता. खजिनदार, मी दोन माणसांचे पैसे पाठवलेत, बघा आलेत का.

खजिनदार: आले. बाकीच्यांनी पण पाठवा. अप्पा, तुमचे पंधराच आलेत.